फोटोत नसलेली आठी

ज्यांच्या हसऱ्या चेहऱ्यावरून लोक जीव ओवाळून टाकायचे, त्या दिवंगत गायकावर सिनेमा निघत होता. चेहरा जमलाय का, हे सांगायला मेकअपमनने खुद्द त्यांच्या पत्नीलाच, काकूंना, मेकअप रूममध्ये बोलावलं होतं. गेल्या सिनेमाच्या वेळी "यात मेकअप आहे कुठे?" असं म्हणून पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याला बक्षीस नाकारलं होतं. या वेळी त्याला तसूभरही कसर ठेवायची नव्हती.

आरशासमोर बसलेल्या नटाकडे काकूंनी पाहिलं. नाक तेच, हनुवटीवरचा तीळ तोच, हसू तर थेट फोटोतलं.

"छान," काकू म्हणाल्या, पण म्हणायचं म्हणून.

मेकअपमन पुढे आला. "काकू, मोकळेपणी सांगा ना. काय राहिलं?"

"काही नाही रे. फोटोत असेच दिसायचे."

"आणि घरी?"

काकू घुटमळल्या. मग स्वतःच्याच दोन भुवयांच्या मधोमध त्यांनी बोट टेकवलं. "इथे एक आठी असायची. उभी."

त्याने ती आठी ओढली, खोल केली, डोळ्यांच्या कडांना किंचित लाली दिली. नटाला म्हणाला, "आता हसू नका. उठा आणि काकूंकडे वळा."

नट उठून वळला मात्र, काकू मागे सरकत भिंतीला टेकल्या आणि झटकन दोन्ही हात आडवे धरून त्यांनी चेहरा झाकून घेतला.



"आता अगदी तेच आहेत," हात खाली न घेता काकू म्हणाल्या.