बिनसहीची गाडी

"सही करायची तर कर, न्हायतर ऊठ नि तुज्या घरी जा," आक्का लेकीला म्हणाली. आवाज चढवला नाही. मार्गशीर्षातला गुरुवार होता, आत घट मांडलेला होता, आणि उपासाच्या तोंडून वेडंवाकडं काढायचं नाही हा तिचा नेम होता. त्यामुळे सगळा राग डोळ्यांत येऊन बसला होता.

क्षितिजा ओट्यावरून हलली नाही. पुढ्यात हक्कसोडीचा कागद होता, कागदावर पेन. "माझा हिस्सा द्या, लगेच करते," ती म्हणाली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

आक्काचा नवरा हिरामण जाताना शेलार गावची नाक्यालगतची जमीन मागे ठेवून गेला होता. आता तिथे गोदाम उठणार होतं. मुलगा हितेशने बोलणी पक्की केली, पण गोदामवाल्याच्या वकिलाने पाचर मारली. कायदा बदललाय म्हणे, मुलीचीही सही हवी. म्हणून आक्काने पूजेचं निमित्त करून लेकीला बोलावून घेतलं. पोरगी आली, हळदीकुंकू लावून घेतलं आणि हिस्सा मागून बसली. आक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. भावाच्या तोंडचा घास मागणारी बहीण तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आता गावात कुठल्या तोंडाने हिंडायचं?

"एकच भाऊ हाय तुला. त्याचा उंबरा बंद झाला तर सणाला कुणाकडं जाशील?"

"उंबरा तुझाही आहे ना, आक्का? तू बंद करशील?"

आक्काने दात आवळले.

हितेशचं या कटकटीकडे लक्ष नव्हतं. बहीण आहे, ती संध्याकाळपर्यंत सही करणारच, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. तो अंगणात दोन गाड्यांमध्ये उभा होता. दोन्ही पोर्शे, दोन्ही जुन्या, दोन्ही जमिनीला पोट टेकतील इतक्या बुटक्या. भिवंडीचा तनवीर जुन्या गाड्यांची दलाली करायचा. प्रत्येक गतिरोधकावर तिरक्या घालत त्याने त्या गावात आणल्या होत्या. जमिनीच्या विसाराचे पैसे हातात आले की त्यातली एक हितेशची होणार होती. एक साधी, दुसरी टर्बो.

"शेठ, दिसायला सख्ख्या बहिणी," तनवीर सांगत होता. "पण ही साधी तुमच्या गावाबाहेर निघते, तवर टर्बो पडघ्याला चाय पिऊन बसते."

हितेश टर्बोत बसला आणि त्याने उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. कोंबड्या कुंपणाबाहेर उधळल्या. घटापुढचा दिवा थरथरला असेल या भीतीने आक्काने आत डोकावून पाहिलं.

"साधी घेऊन हळदीला गेलो तर पोरं म्हणतील, जमीन इकली का भाड्यानं दिली," हितेश हसला. "टर्बोच. कागद काढ."

तनवीरने कान खाजवला. "कागद थोडा बाकी आहे. मालक ठाण्याचा कंत्राटदार, मागच्या साली गुजर गया. आता छोटा भाई गाडी विकतोय. भाभीची सही राहिलीय. करेल ती आठ दिवसांत. घरचीच आहे, जाणार कुठे?"

हितेश गाडीतून असा उतरला, जणू सीटखाली इंगळ होते.

"ए तनवीर, मी काय येडा दिसतो तुला? नवरा मेला म्हणजे गाडी तिची झाली. दीर कोण इकणारा?"

"शेठ, उनके घर का मामला है."

"घरचंबिरचं मला सांगू नको. तिला कुणी इचारलं? हक्क तिचा नि सौदा ह्याचा? ही तर चोरी झाली. ती बाई गप हाय म्हणून तिचं आपलं होत न्हाय. सही न्हाय तर गाडी न्हाय. ने ती. मला साधी दे."

आक्का मान हलवत ऐकत होती. पोरगा बरोबर बोलत होता. एकेक शब्द बरोबर. बापासारखाच सडेतोड निघाला, असं तिच्या मनात आलं. आणि मग तिची मान हलायची थांबली.

क्षितिजाने भावाकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. ती कागदाकडेच बघत होती.

हितेश हात झटकत ओट्याशी आला. राग केव्हाच उतरला होता. "चल ताई, आटप लवकर. तुझी सही झाली की मी विसार आणाय जातो. कशाला आक्काला उपाशीपोटी तरास देतेस?"

आक्का पुढे झाली. तिने लेकीपुढचा कागद उचलला, त्याच्या चार घड्या केल्या आणि तो कमरेला खोचला.

"आक्का, काय करतेस?"

"टर्बोच घे तू."

"अगं, त्या बाईची सही न्हाय."

"करील की. एक साडी घेऊन जा तिला," आक्का म्हणाली. "माज्या बापाच्या साडेतीन एकरावर तुज्या मामांनी माजी सही तेवढ्यातच घेतली."