प्लंबरचं म्हणणं

तिने पर्स खुर्चीवर आदळली. आत बायबल होतं, तेही आदळलं. आज तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

पलंगावर उशांना टेकून बसलेला नवरा तिची वाटच बघत होता. रंगारी माणूस. परांचीवरून पडला आणि कमरेखालचं अंग लुळं झालं, तसं चर्चला जाणंही सुटलं. तेव्हापासून रविवारी ती उपासनेहून आली की त्याचा एकच प्रश्न असायचा.

"काय म्हणाली मंडळी?"

उपासना संपल्यावर आवारात चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, त्या त्याला ऐकायच्या असत. आणि ती सांगायची. प्लंबर म्हणाला, नळ कोरडा पडला तरी वरची टाकी भरलेली आहे हे मला ठाऊक असतं, प्रभूचं तसंच आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, देवावर कितीही रुसले तरी हाक त्यालाच मारते. ऐकताना नवऱ्याचा चेहरा निवळायचा. मग आठवडाभर तो औषधं मुकाट घ्यायचा.

आजही त्याने तेच विचारलं.

"डोंबल म्हणाली!" तिचा आवाज चढला. "पार्किंग! कुणाची गाडी कुणाला आडवी आली ते. मग नव्या खुर्च्या. मग कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं. मी मुद्दाम विषय काढला, आजचं वचन छान होतं ना? तर प्लंबर म्हणतो, हो हो, पण माइक फार खरखरत होता! आत्ता आत गळा फाडून गात होती सगळी, हातात कप आला की देवाचं नाव नाही. तुमचं विचारलं, तर 'आमच्या प्रार्थनेत असतात हं ते' म्हणत बिस्किटाकडे हात! मी नाही जायची आता. अजिबात नाही."

"आणि ते टाकीचं?"

"कसली टाकी! तो तसं कधी बोललाच नाही. कुणीच नाही. येताना रस्त्याने मीच मनाशी जुळवायचे आणि तुम्हाला सांगायचे. खोटं होतं सगळं!"

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. एवढ्याच आधारावर हा माणूस तग धरून होता. तोही रागाच्या भरात आपणच काढून घेतला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "किती इमारतींवर आम्ही बरोबर काम केलंय. टाकीचं नाव निघालं तर तो झाकणाबद्दल बोलेल, प्रभूबद्दल नाही. पहिल्याच रविवारी ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू सांगायचीच थांबली असतीस! अगं, लग्न झाल्यापासून या घरात आपण तरी काय बोललो? दूध, गॅस, पोरांची शाळा. जेवणाआधी आमेन, की लगेच मीठ दे. देवाबद्दल माझ्याशी बोललीस ती त्या प्लंबरच्या नावावर. आणि मंडळीला नावं ठेवतेस?"

तिने खुर्चीवरची पर्स नीट ठेवली.

त्याने पलंगावर हात आपटून जागा दाखवली.

"बस इथे. टाकी भरलेली आहे की नाही, ते सांग मला. आणि या वेळी त्या प्लंबरला मध्ये आणू नकोस."