पवळीचा पान्हा

फडावरून ट्रकवर घालून आणलेल्या उसाच्या वाढ्यातली एक पेंढी मालनबाईनं पुढं केली. पवळीनं ती ओढून घेतली, मचमच करून खाल्ली आणि मान वळवून मागं छबूकडं बघितलं.

खाल्लं हिचं, बघितलं तिच्याकडं. मालनबाईला मिरची झोंबली.

"चल की गं," ती गाईवर खेकसली आणि दावं ओढलं.

सोसायटीची चारा-छावणी मागं पडली. ऊसतोडीचा अख्खा हंगाम फडावरच्या कोपीत पडल्या पडल्या मालनबाई डोळे मिटून हीच वाट चालली होती. आधी मुरूम टोचायचा, मग कोरड्या ओढ्याची वाळू, मग काळ्या रानातली ढेकळं आणि शेवटी सारवलेला उंबरा. ते सगळं तळपायाला लागावं म्हणून आज तिनं वहाणा काढून हातात घेतल्या होत्या. मुरूम टोचला, बरं वाटलं. ओढ्यात वाळूचा चटका बसला, तोही आपल्या माणसाचा वाटला. पण जीव कुठं रमत होता? पाय वाटेवर आणि कान मागं. मागं तिची धाकटी जाऊ छबू रमतगमत येत होती, आणि तिच्या अंगावर मालनबाईचंच हिरवं लुगडं होतं.

ते तिनं स्वतःच दिलं होतं. पवळीचं वासरू गेल्यापासून ती मालनबाईशिवाय कुणाच्याच हाताला पान्हा सोडत नव्हती. ऊसतोडीला निघताना मालनबाईनं अंगावरचं लुगडं सोडून जावेच्या हातात दिलं. "हे नेसून बस धारंला. वासाला फसती ती." गावात सगळेच असं करतात. गाय फसली. डेअरीला दूध जात राहिलं, छावणीतल्या चाऱ्यावर गाय जगली. फडावर निरोप यायचा तेव्हा मालनबाई खूश व्हायची, आणि आता त्याच गोष्टीनं तिचा जळफळाट होत होता.

ओढ्याच्या चढाला पवळी थांबली. दावं ताणून झालं, हाड-हूड झालं, पण ती चारी पाय रोवून उभी.

"आक्का, तुमी लई झपझप चालताव," छबू म्हणाली. "माझी कंबर धरती, मी हळू चालती. तिला तीच सवय लागली. एक पाऊल टाकायचं, जरा दम धरायचा."

"माझी गाय मला नको शिकवू."

"शिकवीत न्हाई ओ," छबू हसली. मग गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल गं माय."

आणि पवळी चालायला लागली.

माय म्हणे! मालनबाईच्या बापानं आंदण दिलेल्या गाईची ही कालवड, बोट चाटवून वाढवलेली. पण दावं तुटेपर्यंत ओढून काय होणार होतं? मालनबाईनं पाय आवरले. एक पाऊल टाकलं, टाच टेकू दिली, दम धरला, मग दुसरं टाकलं. स्वतःच्याच शिवारात ती जावेच्या चालीनं चालली. तापलेलं ढेकूळ पायाखाली फुटत होतं, गावाकडून गोवऱ्यांच्या धुराचा वास येत होता. सगळं फडावर आठवायची तसंच होतं, आणि काहीच गोड लागत नव्हतं.

छबू शेजारच्या आपल्या दारात वळली. मालनबाईनं गाय बांधली. उंबऱ्यावर पाय ठेवला तेव्हा गारवा पार गुडघ्यापर्यंत चढला, पण तिथं घटकाभर उभं राहायलाही तिला उसंत नव्हती. चरवी घेऊन ती धारेला बसली. कास धुतली, थोपटली, सड ओढले. थेंब नाही. पुन्हा ओढले, तशी पवळीनं पाय झाडला आणि चरवी अंगणभर घरंगळत गेली.

नवरा, शहादेव, बाजेवरून बघत होता. "चोरती बघ पान्हा. असं चार दिवस केलं तर आटंल ती," तो म्हणाला. "छबूच्या दावणीला बांध म्हणतो मी. तिच्या हाताला देतीय तर तू कावून हट्ट धरती?"

मालनबाई उठली. ती जावेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"छबे, माझं लुगडं सोड."

"सकाळी धुऊन देते की, आक्का. छावणीचा वास मारतोय त्याला."

"धुऊ नको."

छबू तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग आत गेली आणि लुगडं सोडून घेऊन आली.

मालनबाईनं घरात येऊन ते नाकाला लावलं. शेणाचा वास, कडब्याचा, छबूच्या मिशरीचा, छबूच्या घामाचा. स्वतःचा वास तिनं पार पदराच्या टोकापर्यंत हुंगून शोधला. तो कुठंच नव्हता. तरी ती ते नेसली.

अंगणातून ती हळूहळू गेली, दम धरत. गाईजवळ बसली. पवळीनं तिचा खांदा हुंगला, लांब श्वास सोडला, आणि कास भरून आली. पहिली धार चरवीत टण्णकन वाजली.

"बघ, दिलं की न्हाई," शहादेव बाजेवरून म्हणाला.

पवळी मान वळवून तिची पाठ चाटू लागली. तीच खरबरीत जीभ, जिच्यासाठी मालनबाई फडावर तळमळली होती. "पवळे" म्हणायला तिचं तोंड उघडलं, आणि तिनं ते तसंच मिटलं. आवाज ऐकला असता तर गाईनं ओळखलं असतं.