वीस मिनिटं वाचन

"ही सही येत्या गुरुवारची आहे," बाई म्हणाल्या. "आज सोमवार. गुरुवारी पोरीनं काय वाचलं, ते तुम्हाला आजच कसं कळलं, तेवढं सांगा."

हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणारी आई दुसरीच्या वर्गातल्या बाकावर बसली होती. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून वाकडी. शेजारी मुलगी, दप्तर पोटाशी धरून. शाळा नुकतीच सुटली होती. फळ्यावरची वजाबाकी पुसायचंही कुणाच्या अंगात त्राण नव्हतं.

मधे वाचनवही. रोजचं एक पान: काय वाचलं, नवा शब्द कुठला, आणि खाली पालकांची सही. पुठ्ठ्यावर शाळेनं ठळक छापलं होतं, की पालकांनी रोज वीस मिनिटं शेजारी बसून मुलाचं वाचन ऐकावं. रोज! छापणाऱ्याचं काय जातंय?

"रविवारी करून टाकते सह्या," आई म्हणाली. "महिन्याच्या एकदम. रोज म्हटलं की राहून जातं, मग हिला वर्गात उभं राहावं लागतं. खोटं कशाला बोलू?"

"अहो, मग त्या सहीला अर्थ काय राहिला?" बाईंनी एक यादी पुढे ओढली. संध्याकाळच्या वर्गाची. त्या वर्गात मुलं शाळा सुटल्यावर सहापर्यंत बसत. जागा तीस, अर्ज सत्तर. "तासाभरात ही ऑफिसात द्यायची आहे. यात रकाना आहे, पालक घरी वाचन ऐकतात का. तुमच्यापुढे काय लिहू मी?"

आईनं यादीकडे बघितलं. ही जागा गेली, तर पोरीला दोन ते सहा घरात कोंडून बाहेरून कुलूप लावायचं, नाहीतर लाँड्री सोडायची. तिसरा मार्ग नव्हता. आजसुद्धा दोन तासांची सुट्टी तिनं मुकादमाच्या विनवण्या करून मिळवली होती.

तोंड लपवायला काहीतरी हवं, म्हणून तिनं वही जवळ घेतली आणि गुरुवारचं पान मागे उलटलं. बुधवार. तोही अजून उजाडायचा होता. कोरं पान, खाली तिची सही. आणि तिच्या सहीखाली लाल शाईत 'पाहिले', बाईंच्या सहीनिशी.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हा बुधवार तर तुम्हीपण तपासलाय."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ नेलं. मग मंगळवारचं. तिथंही 'पाहिले'. शनिवारी एका दमात बावन्न वह्या. हात चालू राहिला होता, डोळे कधीच मिटले होते. त्यांना राग यायला हवा होता. हसू आलं, पण तेही अर्ध्यावरच दमलं.

"बावन्न असतात हो वह्या."

"असतील की," आई म्हणाली. "माझ्या चादरी चारशे."

बाईंनी मुलीच्या दप्तरातून गोष्टीचं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "वाच बाळा. आम्ही दोघी ऐकतो. निदान आजचं तरी खरं लिहू दे मला."

मुलगी ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. एका हत्तीला शिंका येत होत्या आणि त्या काही केल्या थांबत नव्हत्या. जोडाक्षराशी ती अडखळायची, पण सोडून पुढे जायची नाही. आई पुढे झुकून ऐकत होती. तिसऱ्या पानावर तिची मान कलली, आणि डोकं मुलीच्या खांद्यावर येऊन टेकलं.

मुलीनं वर बघितलंही नाही. खांदा थोडा उचलून धरला, आवाज खाली आणला आणि वाचत राहिली.

बाईंचं पेन रकान्यावर थांबलं. "रोज अशीच झोपते का गं आई?"

"नाही बाई," मुलगी म्हणाली. "रोज पहिल्याच ओळीला झोपते. आज दोन पानं ऐकली तिनं."

"मग तू वाचायची थांबतेस?"

"छे! वीस मिनिटं झाल्याशिवाय कसं थांबणार?"

बाईंनी रकान्यात 'हो' लिहिलं. घाईनंच लिहिलं, मन बदलायच्या आत.

दारात शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभे राहिले. खोल्या बंद करायची वेळ झाली होती. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"दहा मिनिटं थांबा, मामा," त्या कुजबुजल्या. "गृहपाठ चाललाय."