भट्टीचे हातमोजे

रोलिंग मिलच्या भट्टीवर रायभान हाताला ओलं गोणपाट गुंडाळायचा. सुपरवायझर ओमप्रकाशनं ते फेकून दिलं आणि त्याला कार्बनच्या बारीक कणांची फिल्म लावलेले नवे हातमोजे चाचणीसाठी घालायला लावले.

तिसऱ्या दिवशी ओमप्रकाश मोजे परत न्यायला रायभानच्या घरी आला. रायभानच्या दोन्ही हातांना बँडेज होतं. ओमप्रकाशनं एक मोजा स्वतःच्या हातात चढवून दाखवला. "बघा बाई, डागसुद्धा न्हाई. चारशे डिग्रीला जळत न्हाई हे. चूक तुमच्या माणसाची. मी रिपोर्टात 'पास' लिहून राह्यलो."

रायभानच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, त्याच्या मोजा चढवलेल्या हाताचं मनगट धरलं आणि चुलीवरच्या तापल्या तव्याकडं ओढलं.

"सोडा! कार्बन आहे त्यात, सगळा चटका आत जातो!"

तिनं मनगट सोडलं न्हाई. "मंग हेच लिहा."