बियाण्याचा रकाना

“आता शेवटचा प्रश्न, मावशी. घरचं बियाणं किती वाणांचं ठेवता?” असं विचारून वासुदेवने पेन कागदाला टेकवलं.

सुकीने मनातल्या मनात हिशेब केला. पाच म्हटलं की वीस गुण. दोन म्हटलं तरी दहा. आणि खरं सांगितलं तर भोपळा.

वासुदेवच्या संस्थेने तलासरीपासून पार नाशकापर्यंत सगळ्या शेतांना एकच तक्ता लावला होता. माती कशी, पाणी किती, खत घरचं का विकतचं, बियाणं कुठलं. शेत स्वतःच्या बळावर किती वर्षं तग धरेल, ते म्हणे त्यातून कळायचं. शंभरपैकी गुण. पाड्याची सरासरी साठाच्या वर गेली तर ओढ्यावर दगडी बंधारा, नाहीतर बंधारा दुसऱ्या पाड्याला. शेणखताला सुकीला चांगले गुण पडले होते, पाण्याला दोन. आता पाण्याला कुठून पडणार? पाणी असतं तर बंधारा कशाला मागितला असता!

शेजारी तिची सून रूपी गाठोडं बांधत होती. उद्या सकाळी मुकादमाचा ट्रक येणार, आणि दोन लेकरं घेऊन रूपी पाच महिने वीटभट्टीवर. ओढ्यात पाणी थांबलं तर भातानंतर वाल होईल, चवळी होईल, पुढच्या वर्षी रूपी घरात राहील. सुकीला एवढंच हवं होतं. नातवंडांना विटांच्या धुळीने खोकत परतताना तिने दोन वर्षं पाहिलं होतं.

तिने कोपऱ्यातल्या शेणाने सारवलेल्या कणगीकडे पाहिलं.

“एक,” ती म्हणाली.

वासुदेवचा चेहरा पडला. भला माणूस होता तो. डहाणूहून फटफटीवर यायचा आणि दिलेली भाकरी मिटक्या मारत खायचा. “अहो मावशी, श्रावणात तुमच्या शेतात मी स्वतः चार तऱ्हांचं भात पाहिलंय!”

“पेरते चार. ठेवते एक.”

“बरं, मग मी पाच लिहितो. कोण येतंय कणगीत डोकावायला?”

“लिवू नको, भाऊ!” सुकी ताडकन उठली. “काळ्याच्या कणगीतलं माझं कसं सांगू? सुकीने माझं बियाणं आपल्या नावावर घातलं, असा बोलला तर त्याला तोंड काय दाखवू?”

“काळ्याच्या कणगीत काय आहे?”

सुकीने मान फिरवली. शेवटी रूपीने हातातली दोरी टाकली. “आई नाय सांगायची, मी सांगते. सगळे वाण एका घरात ठेवले का त्यांची खिचडी होते. म्हणून घराघराने एकेक वाटून घेतलाय. ज्याने त्याने आपापला सांभाळायचा. पेरणीच्या आधी सगळे एकमेकांना टोपली टोपली देतात. घरात खायला दाणा नसला तरी ठेवलेल्याला हात लावायचा नाय.”

“आणि घरच जळालं तर?”

“जळालं की चिमणचं,” सुकी म्हणाली. “त्याच्या मेव्हण्याकडे झाई गावाला तेच भात होतं. तिथनं आणलं डोक्यावर.”

वासुदेवने पिशवीतून आधीच्या सहा घरांचे कागद उपसले. काळ्या, एक, शून्य गुण. जिजा, एक, शून्य. सहाही जणांचं तसंच. किती वाण ते त्याने प्रत्येकाला विचारलं होतं, कुठला ते एकालाही विचारलं नव्हतं. आता तो एकेक नाव वाचू लागला आणि सुकी त्या त्या घरचा वाण सांगू लागली. पाड्याची सात घरं, सात वाण. एकही दुसऱ्यासारखा नाही.

“कपाळ माझं!” तो म्हणाला. “सगळ्यांनी खरं सांगितलं, आणि मी सगळ्यांना शून्य वाटत सुटलो!”

“मग आता वीस देशील का?” रूपीने विचारलं.

“तक्ता एकेका शेताचा आहे गं. एक कागद, एक शेतकरी.” वासुदेव पेनाचं टोपण चावत बसला. उद्या तलासरीला बैठक होती. तिथे मुंबईची माणसं येणार होती, तक्ता त्यांनीच बनवलेला. मग त्याने नवा कोरा कागद काढला आणि मांडीवर पसरला. “मी पाड्याचा मिळून एक भरतो. सात शेतांची सरासरी सेहेचाळीस, बियाण्याचे वीस, झाले सहासष्ट. हसले तर हसू देत. भांडेन मी त्यांच्याशी, तुमच्या रूपीला घेऊन जातो साक्षीला!”

“मला? सकाळी ट्रक हाय,” रूपी म्हणाली.

“ट्रक थांबेल एक दिवस,” सुकीने ठणकावलं. मुकादमाला काय सांगायचं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि कधी नव्हे ते तिला हसू फुटत होतं.

“शेतकऱ्याचं नाव,” वासुदेवने पहिली ओळ वाचली. “तुमचंच घालतो आधी.”

“छे! काळ्याचं घाल. त्याचं भात सगळ्यात आधी पिकतं. मग जिजा, मग लक्ष्या, चिमण, काकड्या, बारक्या.”

बोटभर लांबीची ती ओळ चिमणपाशीच संपली. वासुदेवने कागद आडवा फिरवला आणि उरलेली नावं समासात लिहिली.

“आणि तुमचं, मावशी?”

“शेवटी लिव,” सुकी म्हणाली. “सगळ्यांचं कापून झालं तरी माझं उभं असतं.”