शेजारच्या खाटेखालचं भांडं

"अहो, शिका जरा कुशाबांकडून!" शेजारच्या खाटेखालचं लघवीचं भांडं काठोकाठ भरलेलं पाहून गोदाक्का नवऱ्याला म्हणाल्या. दोन्ही म्हाताऱ्यांची हृदयं थकलेली, अंगात पाणी साठलेलं आणि ते लघवीवाटे उतरवायचं इंजेक्शनही एकच. पण कुशाबांचं जणू धरण फुटलं होतं, आणि धर्माअण्णांच्या भांड्याचा जेमतेम तळ ओला.

अण्णांचा जळफळाट झाला. सिस्टरची पाठ वळताच त्यांनी भांड्यात नळाचं पाणी ओतलं. भांडं असं भरलं, की अख्खा वॉर्ड उठून बघायला आला. गोदाक्का तर चक्क लाजल्या!

डॉक्टरही खूश. "वा! आता इंजेक्शन बंद करू."

अण्णांना आधीच धाप लागलेली. इंजेक्शन बंद झालं तर संपलंच. खरं बोलावं तर बायकोसमोर नाक कापलं जाणार. शेवटी जीव प्यारा ठरला. "नळाचं होतं," ते पुटपुटले.

गोदाक्कांनी कपाळावर हात मारला. "आणि ते कुशाबा बघा, किती सरळ माणूस!"

"मग त्यांची सूज किती उतरली तेही बघा की, डॉक्टर!" अण्णा उसळले.

कुशाबांनी आपले भोपळ्यासारखे पाय हळूच चादरीखाली ओढून घेतले.